सेटमध्ये गोऱ्या रंगाचे सहा मार्कर, सावळ्याचा एक : शिक्क्यातल्या चेहऱ्याला अल्कोहोल मार्करनं जिवंत कसं करतात?

इन्स्टाग्रामवर असे रील्स ढिगानं सापडतात. कोऱ्या कार्डावर एक शिक्का दाबला जातो, काळ्या रेघांमधली मोठ्या डोळ्यांची मुलगी उमटते. मग तीन-चार मार्कर तिच्या चेहऱ्यावरून असे काही फिरतात की अर्ध्या मिनिटात सपाट कागदावरचा गाल गोल दिसायला लागतो. नाक वर येतं, हनुवटीखाली सावली पडते. बघणाऱ्याला वाटतं, हे तर आपणही करू शकतो.

समजा, हे बघून भंडाऱ्यातल्या एखाद्या कॉलेजच्या मुलीनं ऑनलाइन मार्करचा सेट मागवला. सोबत एक शिक्काही आला. पहिल्याच प्रयत्नात दोन गोष्टी होतात. मार्कर लागताच शिक्क्याची काळी रेघ विरघळते आणि नाकाखाली मिशी फुटल्यासारखं दिसतं. पाच-सहा कागद वाया घालवून ते जमलंच, तर दुसरी गोष्ट लक्षात येते. चेहरा छान रंगलाय, पण तो घरातल्या कुणासारखाच दिसत नाही. आई, आजी, मावशी, शेजारची मैत्रीण, कुणाचाच हा रंग नाही.

पहिली अडचण शाईची आहे आणि ती दहा मिनिटांत सुटते. दुसरी अडचण सोडवायला रंग जरा समजून घ्यावा लागतो.

स्केचपेन आणि अल्कोहोल मार्करमध्ये फरक काय?

लहानपणी सगळ्यांनी वापरलेल्या स्केचपेनमध्ये पाण्यात विरघळलेला रंग असतो. एका रेघेवर दुसरी रेघ मारली की तिथं गडद पट्टा दिसतो. तीच जागा पुन्हा घासली तर कागदाचा लगदा निघायला लागतो. म्हणून स्केचपेननं रंगवलेला चेहरा नेहमी पट्ट्यापट्ट्यांचा होतो.

अल्कोहोल मार्करमध्ये रंग पाण्याऐवजी अल्कोहोलमध्ये विरघळवलेला असतो. अल्कोहोल झपाट्यानं उडून जातं आणि रंग कागदाच्या तंतूंमध्ये बसतो. पण तो कायमचा बसत नाही, आणि सगळी गंमत इथंच आहे. त्यावर पुन्हा अल्कोहोल आलं की बसलेला रंग परत सुटतो आणि शेजारच्या रंगात मिसळतो. त्यामुळं फिकट आणि गडद रंगांमधली सीमारेषा पुसता येते. चेहऱ्याला नेमकं हेच हवं असतं, कारण माणसाच्या गालावर उजेड कुठं संपतो आणि सावली कुठं सुरू होते हे बोट ठेवून दाखवता येत नाही.

या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे जपानचा 'कॉपिक'. हे मार्कर १९८७ साली बाजारात आले. नावामागची गोष्ट आपल्या कामाची आहे. त्या काळात डिझायनर आणि कॉमिक्सचे चित्रकार रेघांच्या चित्राची फोटोकॉपी काढून तिच्यावर रंग भरायचे. जुन्या मार्करमधल्या उग्र द्रावकांमुळं त्या कॉपीचा काळा टोनरच विरघळायचा. टोनरला धक्का न लावणारी अल्कोहोलची शाई आली आणि 'कॉपी'वरून मार्करचं नाव पडलं कॉपिक.

म्हणजे हे मार्कर मुळात झेरॉक्सवर रंगवण्यासाठीच जन्माला आले. भंडारा, तुमसर, साकोली किंवा पवनीत परदेशी शिक्के आणि खास शाईचे पॅड मिळणं अवघड आहे. पण झेरॉक्सचं दुकान प्रत्येक तहसील कार्यालयाच्या आसपास असतंच. स्वतः काळ्या पेननं चित्र काढायचं, जाड गुळगुळीत कागदावर त्याच्या दहा झेरॉक्स मारायच्या, झाला शिक्का तयार. एक बिघडली तर दुसरी घ्यायची. फक्त प्रिंट लेझरची किंवा झेरॉक्सची हवी. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई कशी वागेल याचा नेम नसतो, म्हणून ती आधी कोपऱ्यात तपासलेली बरी.

शिक्काच वापरायचा असेल तर साधा नियम आहे. शिक्क्याची शाई आणि मार्करची शाई एकाच द्रावकात विरघळणारी नको. अल्कोहोल मार्करसाठी शिक्क्याला पाण्यावर आधारलेली, पूर्ण वाळणारी शाई लागते. काच आणि प्लास्टिकवर टिकणारी 'पर्मनंट' शाई ऐकायला भारी वाटते, पण ती अल्कोहोल लागताच पसरते. कचेरीतल्या स्टॅम्प पॅडची जांभळी शाई तर इथं बिलकुल नको. 'प्रत सत्य' म्हणून मारलेल्या शिक्क्यावर सॅनिटायझरचा थेंब पडला की काय होतं हे ज्यानं पाहिलंय, त्याला वेगळं सांगायला नको. शिक्का मारल्यावर चार-पाच मिनिटं थांबायचं, इतकंच.

चेहऱ्यावर सावली पडते कुठं?

मार्कर हातात घेण्याआधी एक गोष्ट ठरवायची असते, ती म्हणजे उजेड कुठून येतोय. बहुतेक जण ही पायरी गाळतात. मग नाकाची सावली डावीकडं आणि मानेची उजवीकडं पडते. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण चित्र विचित्र दिसतं.

उजेड वरून येतोय असं धरलं, तर कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचं हाड आणि हनुवटीचा पुढचा भाग उजळ राहतो. केसांच्या किंवा पदराच्या कडेखाली, डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली, खालच्या ओठाखाली आणि हनुवटीखाली मानेवर सावली पडते. यातली मानेवरची सावली सगळ्यात महत्त्वाची. तेवढी एकच नीट दिली तरी चेहरा मानेपासून सुटून पुढं येतो. शिक्क्यातले चेहरे लहान असतात, कधी कधी अंगठ्याच्या नखाएवढे. त्यामुळं सगळ्या सावल्या देण्याच्या नादात पडू नये. मान, केसांखालची कड आणि एक गाल एवढ्यावरही काम भागतं.

झाडीपट्टीच्या लोकांना ही युक्ती नवी नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या या पट्ट्यात दिवाळीनंतर गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. रंगमंचावरच्या दिव्यांचा झोत समोरून पडला की माणसाचा चेहरा सपाट दिसतो. म्हणून रंगभूषा करणारा नाकाच्या दोन्ही बाजूंना गडद रंग ओढतो, गालाखाली खोली देतो, भुवया ठळक करतो. मागच्या ओळीत बसलेल्या प्रेक्षकाला नायकाचा राग दिसतो त्यात या रंगवलेल्या सावल्यांचाही वाटा असतो. मार्करवाला कागदावर तेच करतो, फक्त उलट्या बाजूनं. तिथं खरा चेहरा सपाट झालेला असतो, इथं सपाट चेहरा खरा करायचा असतो.

रंग लावायचा क्रम असा. आधी सगळ्यात फिकट रंगानं पूर्ण चेहरा ओला होईल इतपत भरायचा. तो वाळायच्या आत मधल्या रंगानं सावलीच्या जागा भरायच्या, मग गडद रंगानं त्या सावलीचा फक्त आतला कोपरा. आता उलटं यायचं. मधल्या रंगानं गडद रंगाची कड घासायची आणि फिकट रंगानं मधल्याची. या परतीच्या प्रवासातच रंग एकमेकांत विरघळतात. रील्समध्ये हा भाग अनेकदा वेग वाढवून दाखवतात आणि नवशिक्याला वाटतं की तीन फटकाऱ्यांत काम झालं.

मार्करचं टोक टेकवून ठेवायचं नाही, कारण टेकवलं की शाई उतरतच राहते आणि डाग वाढत जातो. सावलीकडून उजेडाकडं हलका फटकारा मारायचा आणि शेवटाला टोक उचलायचं. रेघेच्या अगदी काठापर्यंतही जायचं नाही. शाई स्वतःच थोडी पसरून तिथं पोचते.

डोळ्यांचं पांढरं बुबुळाभोवती कोरं सोडलं तर बाहुली भेदरलेली दिसते. वरच्या पापणीखाली अगदी फिकट करड्या रंगाची एक रेघ दिली की डोळा खोबणीत बसतो. शेवटी पांढऱ्या जेल पेनचा एक ठिपका बुबुळावर, हवा तर एक नाकाच्या शेंड्यावर. इथं हात आवरता आला पाहिजे. चार ठिकाणी पांढरे ठिपके दिले की चेहरा घामेजलेला दिसतो.

आता मूळ मुद्दा : 'स्किन कलर' म्हणजे कोणाची स्किन?

भारतात वाढलेल्या जवळपास प्रत्येकाच्या खडूच्या डबीत एक गुलाबीसर पीच रंगाचा खडू असायचा आणि त्याला वर्गात 'स्किन कलर' म्हणायचे. वर्गातल्या एकाही पोराच्या हाताशी तो जुळायचा नाही, तरी चित्रातली आई, बाबा, शेतकरी, सैनिक सगळे त्याच रंगाचे. बंगळुरूच्या एका कायद्याच्या विद्यार्थ्यानं या नावाविरुद्ध ग्राहक मंचात तक्रारही केली होती. अमेरिकेत 'क्रेयोला' कंपनीनं आपल्या 'फ्लेश' नावाच्या खडूचं नाव १९६२ सालीच बदलून 'पीच' केलं, आणि २०२० मध्ये जगभरातल्या त्वचेच्या २४ छटांचे खडू आणले. त्याच वर्षी भारतात 'फेअर अँड लव्हली'नं नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' लावला.

मार्करच्या स्वस्त सेटमध्ये हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. त्वचेच्या रंगांचा म्हणून मिळणारा सेट उघडला की फिकट गुलाबी, फिकट पीच, फिकट बदामी असे रंग भरपूर निघतात आणि गडद तपकिरी एखाद-दुसरा. गोऱ्या चेहऱ्यासाठी फिकट, मधला आणि सावलीचा असे तीन टप्पे तयार मिळतात. सावळ्या चेहऱ्याच्या वाट्याला एकच रंग येतो, आणि एका रंगात सावली देता येत नाही. मग मुलगी नाइलाजानं तिची बाहुली गोरी करते. तिला कुणी तसं सांगितलेलं नसतं, पेटीच तशी असते.

मराठीत त्वचेच्या रंगांना शब्दांची कमी नाही. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, काळा. लग्नाच्या बायोडाट्यात 'वर्ण' या रकान्यात यातले पहिले तीनच शब्द जास्त करून दिसतात, हा भाग वेगळा. छापील चित्रांचा इतिहासही याच बाजूला झुकलेला आहे. राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना सुरू केला आणि पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथं एका चित्रासाठी अनेक दगड लागायचे. प्रत्येक दगडावर एका रंगाचे बारीक ठिपके असायचे आणि ते एकावर एक छापून गालाची गोलाई तयार व्हायची. तिथून देव-देवतांचे चेहरे घराघरांत गेले आणि लक्ष्मी, सरस्वतीचा चेहरा म्हणजे उजळ गुलाबी चेहरा, हे डोळ्यांत पक्कं बसलं. पुढं स्टुडिओतल्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोंवर ब्रशनं रंग चढवण्याचं काम चालायचं. जुन्या घरांत भिंतीवर असलेल्या आजी-आजोबांच्या अशा फोटोत गाल गुलाबी दिसतील. आजी खरंच तशी होती का, हे तिला ओळखणाऱ्यांनाच ठाऊक.

मग सावळा चेहरा रंगवायचा कसा?

आधी एक गैरसमज काढून टाकायला हवा. सावळी त्वचा म्हणजे गोऱ्या त्वचेत काळा मिसळला, असं नसतं. माणसाच्या त्वचेचे सगळे रंग लाल आणि पिवळ्याच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे नारिंगीच्या आसपास येतात. तपकिरी म्हणजे तरी काय, तर गडद झालेला नारिंगी. फरक पडतो तो मेलॅनिन किती आहे यानं. म्हणून सावलीसाठी काळा किंवा राखाडी मार्कर लावला की चेहरा मळका दिसतो, आजारी दिसतो. सावळ्या त्वचेची सावली लालसर गडद तपकिरीनं द्यायची. फार खोल सावली हवी असेल तर आधी धुरकट जांभळ्याचा एक पातळ हात आणि त्यावर तपकिरी.

कॉपिकची रंगांना नावं देण्याची पद्धत इथं उपयोगी पडते, सेट कुठल्याही कंपनीचा असला तरी. त्यात तपकिरी कुटुंबाला 'ई' हे अक्षर आहे, 'अर्थ' म्हणजे माती या शब्दावरून. पहिला आकडा सांगतो की रंग किती मळकट आहे, शेवटचा सांगतो की किती गडद आहे. ई ३३, ई ३५, ई ३७ हे एकाच घरातले तीन भाऊ, धाकट्यापासून थोरल्यापर्यंत, आणि गव्हाळ चेहऱ्याला ते चालतात. ई २५, ई २७, ई २९ ही त्याहून गडद जोडी-तिजोडी सावळ्या आणि काळ्या वर्णासाठी. एकाच घरातले, एक-दोन पायऱ्यांचं अंतर असलेले तीन रंग निवडले की ते सहज मिसळतात. स्वस्त सेटमध्ये आकडे वेगळे असतील, पण कागदाच्या तुकड्यावर सगळे तपकिरी ओढून, वाळवून, फिकट ते गडद असे ओळीत लावले तर आपल्याला आपली तिकडी सापडते. वाळवून का? कारण ओला रंग नेहमी गडद दिसतो आणि फसवतो. हा तुकडा स्वतःच्या मनगटाशेजारी धरून बघायचा. यापेक्षा चांगला चार्ट दुकानात मिळत नाही.

इथं पद्धतही थोडी बदलते. फिकट रंगापासून सुरू करून गडदपर्यंत जायचं, हा नियम रील्समधल्या गोऱ्या चेहऱ्यांसाठी ठीक आहे. सावळ्या चेहऱ्याला तसं केलं तर गडदपर्यंत पोचेस्तोवर सात-आठ थर चढतात, कागद शाईनं भरून जातो आणि रंग रेघेबाहेर पाझरतो. म्हणून पहिला हातच मधल्या तपकिरीनं द्यायचा. उजेडाच्या जागा कमी भरायच्या किंवा तिथं फिकट तपकिरी आधी लावून ठेवायचा. ही शाई पारदर्शक असते. गडदवर फिकट लावून उजळपणा परत मिळत नाही, तो आधीच राखून ठेवावा लागतो.

गालाची लाली हाही फसायचा मुद्दा आहे. गोऱ्या गालावरचा बेबी पिंक सावळ्या गालावर एकतर दिसतच नाही, नाहीतर खडू फासल्यासारखा दिसतो. तिथं विटकरी किंवा कोकमी लाल लागतो. उलट उजेडाची चमक सावळ्या त्वचेवर जास्त उठून दिसते. कपाळ आणि गालाचं हाड उजळ ठेवलं की चेहऱ्याला तेज येतं. त्यासाठी पांढऱ्याऐवजी फिकट पिवळसर रंगाची पेन्सिल मार्करवरून हलकी फिरवली तर ते जास्त खरं वाटतं.

रोवणीतली बाई

एक उदाहरण घेऊ. भंडारा हा धानाचा जिल्हा. पावसाळ्यात बांधीत पाणी साचवून रोवणी करणाऱ्या बायका इथल्या प्रत्येक रस्त्यावरून दिसतात. असं चित्र कुठल्याही परदेशी शिक्क्यांच्या कॅटलॉगमध्ये शोधायला जाऊ नये. पण पदर कमरेला खोचून वाकलेली, डोक्याला फडकं बांधलेली बाई चार रेघांत काढता येते, आणि झेरॉक्सचं दुकान आहेच.

आता तिचा चेहरा रंगवायचा. आभाळ भरलेलं आहे, म्हणजे उजेड एका बाजूनं येत नाही, सगळीकडून मऊ येतो. कडक कडा असलेली सावली इथं चुकीची ठरेल. फडक्याखाली कपाळावर सावली आहे. ती वाकलेली आहे, त्यामुळं चेहरा जमिनीकडं आहे, आणि नेहमीच्या हिशेबानं तो सगळाच सावलीत जायला हवा. पण खाली पाणी आहे. बांधीतलं पाणी आभाळाचा उजेड परत वर फेकतं आणि तो हनुवटीवर, गालाच्या खालच्या बाजूला, नाकपुडीखाली पडतो. नेहमी जिथं गडद रंग द्यायचा तिथं मधलाच रंग ठेवायचा आणि अगदी कडेला फिकट करड्या-निळ्याचा एक फटकारा द्यायचा. सगळ्यात गडद जागा फडक्याच्या कडेखाली आणि कानामागं मानेवर येते.

एवढ्या एका बदलानं ती बाई पाण्यात उभी आहे हे कळतं, पाणी काढलं नसलं तरी. असल्या गोष्टी रील्समधल्या तयार फॉर्म्युल्यात मिळत नाहीत. त्या रोवणी पाहिलेल्या डोळ्यांनाच दिसतात.

इथल्या हवेत मार्कर सांभाळायचे कसे?

भंडाऱ्याचा मे महिना सगळ्यांना माहीत आहे. पारा ४५ च्या आसपास गेला की अल्कोहोल आणखी वेगानं उडतं. फिकट रंग लावून गडद उचलेपर्यंत पहिला थर वाळून जातो आणि कडा विरघळत नाहीत. उन्हाळ्यात चेहऱ्याचे छोटे भाग करून रंगवावे, आधी कपाळ, मग गाल, मग मान. पंखा थेट कागदावर नको. पण खोली बंद करूनही बसू नये, कारण वास डोक्यात जातो. खिडकी उघडी हवीच. टोपण 'टक' आवाज येईपर्यंत लावायचं. दोन्ही बाजूंना टोक असलेले मार्कर आडवे ठेवायचे, म्हणजे शाई एकाच टोकाला उतरत नाही. आणि ही शाई पेट घेऊ शकते, त्यामुळं गॅसच्या ओट्यावर किंवा देवघरातल्या दिव्याजवळ हा उद्योग नको.

कागदाखाली एक जास्तीचा कागद ठेवायला विसरू नये. ही शाई आरपार जाते आणि टेबलावर चेहऱ्याच्या आकाराचा डाग ठेवते. कागद गुळगुळीत, दाट आणि बिनचकाकीचा हवा. वहीचा कागद शाई पिऊन टाकतो, चकचकीत फोटो पेपरवर ती बसतच नाही. नागपूरला, सीताबर्डीला चक्कर होणार असेल तर मार्करसाठीचा कागद आणता येतो. नाहीतर झेरॉक्सवाल्याकडचा सगळ्यात जाड गुळगुळीत कागद सरावाला पुरतो.

आणखी एक, जे विकणारे सहसा सांगत नाहीत. या मार्करमधले रंग उन्हात फिके पडतात. राखीसोबत पाठवलेलं कार्ड पाकिटात किंवा वहीत वर्षानुवर्षं टिकेल, पण तेच फ्रेम करून खिडकीसमोर लावलं तर हळूहळू उडत जाईल. म्हणून रंगवणारे बरेच जण चित्र पूर्ण झालं की आधी त्याचा चांगला स्कॅन करून ठेवतात आणि भिंतीवर लावायला त्याची प्रिंट काढतात. मूळ कागद राहतो कपाटात, फाइलीत, आणि सोबत तो तपकिरी रंगांच्या रेघोट्यांचा तुकडा, पुढच्या चेहऱ्यासाठी.